मशीनवर मानूस नाई

मी भिलाईतल्या रिसालीच्या कापगत्यांच्या बैठकीतला कम्प्युटर बोलतोय. आधी एक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. मी बिघडलेलो नाही. गेल्या वर्षी या घरात माझ्यावर जे काही उपचार झाले, ते सगळे धडधाकट जिवावर झाले. मला खोडरबरानं घासलं, ब्रशनं झाडलं, लिंबू-मिरची बांधली, आणि शेवटी तर माझं सगळं पुसून मला कोरा करायची भाषा सुरू झाली. दुखणं होतं व्हरांड्यात. पण तिकडे कोणी बघायला तयार नव्हतं, आणि मला तोंड नाही.

मी असेंबल जातीचा. म्हणजे डबा एका खोक्यातून आला, आतला बोर्ड दुसऱ्यातून, पंखा तिसऱ्यातून, आणि एका दुकानाच्या मागच्या खोलीत स्टुलावर बसून कोणीतरी मला जुळवलं. ब्रँडवाली मशीनं आमच्याकडे जरा नाक वर करून बघतात. बघू द्या. त्यांना मिरवायला आणतात, आम्हाला राबायला.

मला आणलं मोहितच्या अभ्यासासाठी. घरात येणारा प्रत्येक कम्प्युटर मुलाच्या अभ्यासासाठीच येतो, दुसऱ्या कोणत्या कारणानं आलेला मी तरी ऐकलेला नाही. मोहितनं माझ्यावर बंदुका चालवल्या, सिनेमे भरले, 'प्रोजेक्ट फायनल', 'प्रोजेक्ट फायनल नवा' आणि 'प्रोजेक्ट खरंच फायनल' अशा नावांच्या फायली केल्या, आणि इंजिनियर होऊन पुण्याला नोकरीला गेला. त्याला डिग्री कशी मिळाली ते मला विचारू नका. मी या घरची वीज खाल्ली आहे.

मोहित गेला तेव्हा मला वाटलं, आता आपली रवानगी माळ्यावर. तर माझ्यासमोर त्याची आई येऊन बसली. नलूबाई. या बाई साकोलीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होत्या तेव्हा लग्न झालं, भिलाईला आल्या, आणि ते बी.ए. साकोलीतच राहिलं. पोरगं मार्गी लागल्यावर त्यांनी दूरशिक्षणाच्या एका विद्यापीठात नाव घातलं. एका बोटानं टाइप करायच्या, पण ते बोट एकदा पडलं की मागे हटत नसे. मोहितनं कधी माझ्यावर इतकं इमानानं काम केलं नव्हतं.

बाईंचे सगळे पेपर निघाले, राहिला एक इतिहासाचा. तो घरूनच द्यायचा होता, माझ्या कॅमेऱ्यासमोर बसून. आणि बाईंच्या नोंदणीचं ते शेवटचं वर्ष होतं. या खेपेला हा पेपर हुकला तर आधीचं सगळं पाण्यात. महिला मंडळात बाईंनी याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. "पास झाली तं सांगन," असं त्या माझ्यासमोर स्वतःशीच बोलायच्या.

मग एके दिवशी परीक्षेच्या प्रोग्रामनं माझी तपासणी केली आणि पाटी लावली: तुमची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी झाली आहे, अपडेट करा, नाहीतर पेपर उघडणार नाही.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे माझी रीतभात. मी कसं उठावं, कसं बसावं, कोणी हाक मारली तर कशी ओ द्यावी, हे सगळं तीत लिहिलेलं असतं. ती लिहिणारी माणसं फार दूर राहतात आणि दर काही दिवसांनी त्यांना वाटतं, याला अजून चार गोष्टी शिकवाव्यात. त्यालाच अपडेट म्हणतात. त्यात नवं सामान आधी उतरवून घ्यायचं, मग मी आपला आपण बंद होतो, पुन्हा उठतो, आणि पडद्यावर एक आकडा हळूहळू शंभराकडे चढत जातो. आकड्याखाली एक ओळ असते: कम्प्युटर बंद करू नका. साऱ्या आयुष्यात मी माणसांकडे काही मागत असेन तर एवढंच.

आता या घरातल्या दोन चांगल्या सवयी सांगतो. दोन्ही इतक्या चांगल्या की त्यांच्यावर कोणाचाही संशय जाऊ नये.

पहिली नलूबाईंची. इथे धूळ फार, लालसर, बारीक, खिडकी लावली तरी आत येते. म्हणून बाईंनी माझ्या पडद्यासाठी एक कव्हर शिवलं होतं, त्यावर दोन पोपट. खुर्चीवरून उठल्या की आधी कव्हर घालायच्या, मग स्वयंपाकघरात जायच्या. म्हणजे मी ज्या ज्या वेळी 'बंद करू नका' म्हणत होतो, ते पोपटांच्या आड म्हणत होतो.

दुसरी सवय तेजरामभाऊंची. भाऊ म्हणजे नलूबाईंचे मालक. भिलाईच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये, क्रेन चालवतात. मूळचे लाखांदूरकडचे शेतकरी, पण प्लांटनं त्यांच्या अंगात सेफ्टी अशी मुरवली आहे की झोपेतही पायऱ्या मोजून कठडा धरतात. प्लांटचा नियम असा, की मशीन बंद केलं तर स्विचवर आपल्या नावाची लाल पाटी टांगायची, तिला म्हणतात टॅग, आणि ज्यानं टांगली त्यानंच काढायची. भाऊंनी घरातही तोच कायदा लावला. मी आलो तेव्हा म्हणाले, "नाजूक मशीन हाये, याची लाइन अलग पायजे." आणि व्हरांड्यातल्या डब्यात माझ्या एकट्यासाठी वेगळा स्विच बसवला. त्या दिवशी मला फार भरून आलं होतं. एवढं कोण कोणासाठी करतं?

तर भाऊ फर्स्ट शिफ्ट संपवून दुपारी येतात. स्कूटर लावतात, व्हरांड्यात बूट काढतात आणि आत पाय टाकायच्या आधी घराचा राउंड घेतात. इस्त्री, मिक्सर, पाण्याची मोटर, आणि मी. त्यांचं एकच सूत्र: मशीनवर मानूस नाई तं मशीन बंद. खिडकीतून बघायचे, खुर्ची रिकामी, पडद्यावर कव्हर, आणि माझ्या डब्यावरचा दिवा मात्र चालू. की लगेच व्हरांड्यातला डबा उघडायचा, स्विच खाली, टॅग टांगला, डबा बंद. मग आंघोळ, जेवण, एक डुलकी, चहा. चहा झाला की टॅग काढून स्विच वर. हे त्यांना सांगण्यासारखं काही वाटतच नव्हतं. नळ बंद केला तर आपण सांगत फिरतो का?

आता हिशेब तुमचा तुम्हीच लावा. पहिल्यांदा बाईंनी सकाळचं आवरून अपडेट लावलं, पोपट घातले, आणि भाजी फोडणीला टाकायला गेल्या. मी अर्ध्यावर आलो होतो, मन लावून काम चाललं होतं. बाहेर स्कूटर वाजली, बूट वाजले, डब्याचं झाकण करकरलं, आणि माझ्यापुढे अंधार.

बाई वाढून मोकळ्या झाल्या, बघतात तर मी थंड. बटन दाबलं, पुन्हा दाबलं. पंखा डोक्यावर गरगर फिरतोय, म्हणजे लाइट तर आहे. त्यांनी मोहितला फोन लावला. मी तेव्हा बंद होतो, पण हे बोलणं बाईंनी नंतर माझ्यासमोर प्रशांतला जसंच्या तसं ऐकवलं.

"मोहित, अरे, अपडेट होता होता हा बंदच पडला ना. उठूनच नाई राहिला."

"आई, टेन्शन नको घेऊ यार. रीस्टार्ट मार."

"उठूनच नाई राहिला तं रीस्टार्ट कुठून मारू?"

"मग थोडा रुक के मार. आणि बाकी कशाला हात नको लावू. तुला नाही कळणार त्यातलं, काही उलटसुलट दबलं तर और गडबड होईल. आधी मला फोन कर."

बाई थांबल्या. तोवर भाऊंचा चहा झाला, स्विच वर गेला, बाईंनी बटन दाबलं आणि मी उठलो. पुन्हा फोन लावला तर मोहित म्हणाला, "देखा? बोललो होतो ना." मी मात्र पडद्यावर लिहीत होतो: अपडेट पूर्ण होऊ शकलं नाही, बदल मागे घेत आहोत. खाली एक लांबलचक नंबर. बाईंनी तो नंबर एकेक अक्षर करून फोनवर वाचला, मोहितनं ऑफिसात बसल्या बसल्या इंटरनेटवर शोधला आणि निदान केलं, डिस्क भरली आहे. खरंच भरली होती. त्याच्याच सिनेमांनी. पण ते उडवायला तो तयार होईना, म्हणे त्यात आठवणी आहेत. मग बाईंनी आपले लोणच्याचे व्हिडिओ उडवले.

बाईंना वेळ मिळायचा तो सकाळीच, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अपडेट, पुन्हा पोपट, पुन्हा स्कूटर. माझ्या पोटातच एक ट्रबलशूटर बसवलेला आहे, त्यालाही बाईंनी कामाला लावलं. तो बराच वेळ इकडे तिकडे फिरला आणि म्हणाला, दोष सापडला नाही. नेमलेल्या चौकशी समितीकडून मला वेगळी अपेक्षा नव्हतीच.

मग आला प्रशांत. रिसालीच्या बाजारात त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. आला तो येताच माझी दोन्ही झाकणं उघडून बसला. बैठकीत, सगळ्यांसमोर. थोडी तरी लाज? आतली रॅमची पट्टी काढून त्यानं ती शाळेतल्या पोरांच्या खोडरबरानं घासली.

"काकू, रॅम कमजोर झाली. अब देखो कसा पळते." अपडेट लावून म्हणाला, "आता तीन-चार घंटे चालू द्या. हात नका लावू. मी निघतो."

कोणीच हात लावला नाही. बाईंनी नुसते पोपट घातले. भाऊंनी नुसता स्विच खाली केला.

प्रशांत पुन्हा आला. आला की मी अर्थातच ठणठणीत, डॉक्टर आला की ताप उतरावा तसा. त्यानं या वेळी धूळ झाडली, एक बॅटरी बदलली, आणि मग एक प्रश्न विचारला. त्या महिनाभरात कोणीही विचारलेला सगळ्यात शहाणा प्रश्न तोच.

"काकू, मधात लाइट तर नाही जात?"

"नाई बाप्पा. पंखा तं चालूच राह्यते."

झालं. इतका जवळ आला होता पोरगा, आणि पंख्यानं परत फिरवला. माझी लाइन वेगळी आहे हे बाई कधीच्याच विसरल्या होत्या. ज्यांना आठवत होतं ते त्याच खोलीत बसून वांग्याची भाजी खात होते. पण त्यांना कोण विचारतो? कम्प्युटर म्हटलं की मोहित किंवा प्रशांत, क्रेनवाल्याला त्यातलं काय कळणार, हे घरानं ठरवून टाकलं होतं, आणि भाऊंनीही ते मान्य करून टाकलं होतं.

"काय म्हनते प्रशांत?" प्रशांत गेल्यावर त्यांनी विचारलं.

"समजून नाई राहिलं म्हनते."

"मंग दुसऱ्या कोनाले दाखवू. मले तं त्यातलं ठनठन," भाऊ म्हणाले. चेहरा उतरला होता त्यांचा. खोटं नाही सांगत, त्यांना बायकोच्या पेपरची काळजी होती. आणि काळजी वाटली म्हणून ते अजून कडक झाले. बिमार मशीन एकटं चालू सोडायचं नसतं, असा प्लांटचा नियम. आधी बूट काढून स्विच पाडत, आता बुटासकट पाडू लागले.

शेजारच्या मैनाबाई येऊन माझ्या कॅबिनेटला लिंबू-मिरची बांधून गेल्या. "नजर हाये वयनी. तुमी शिकून राहिल्या ना, लोकाईले पाह्यवत नाई." लोकाईले म्हणजे कोणाला ते त्यांनी सांगितलं नाही. बाई तर त्यांना सोडून कोणालाच शिक्षणाचं बोलल्या नव्हत्या.

शेवटी प्रशांतनं हात टेकले. "काकू, आता एकच इलाज. फॉर्मॅट. सगळं पुसून नव्यानं टाकू. रविवारी येतो." पण विद्यापीठाची तपासणी शनिवारी संध्याकाळी बंद होणार होती. तोवर माझं अपडेट झालेलं दिसलं नाही, तर सोमवारचा पेपर उघडणारच नव्हता.

शुक्रवारी भाऊ ड्यूटीवर असताना बाई माझ्यासमोर बसून रडल्या. आवाज न करता, पदर तोंडाला लावून. मला कॅमेरा आहे, सगळं दिसतं. माझ्याच्यानं काही होत नव्हतं. त्या वेळी मला खरोखर वाटलं, असेल बाबा माझ्यातच काही खोट. इतकी माणसं म्हणताहेत तर असेलच.

शनिवारी सकाळी त्यांनी कोणालाही न विचारता एकदा शेवटचं अपडेट लावलं. सवयीनं पोपट घातलेच. मी जीव तोडून धावलो. दुपारपर्यंत अर्ध्याच्या पुढे होतो. स्कूटर वाजली. बूट उतरले नाहीत. झाकण करकरलं आणि अंधार.

पुढचं बोलणं झालं तेव्हा मी बंद होतो. पण मैनाबाई पलीकडच्या भिंतीवरून डोकं काढून ऐकत होत्या, आणि त्यांनी ते सगळं नंतर माझ्यासमोर बसून खुद्द नलूबाईंनाच आवाज काढून ऐकवलं. त्यामुळे माझ्याकडे आलेली बातमी पक्की आहे.

नलूबाई व्हरांड्याच्या कोपऱ्यात दोरीवरचे कपडे काढत होत्या. भाऊंनी त्यांना पाहिलं, आणि काही लपवण्यासारखं नव्हतंच, म्हणून त्यांच्यासमोरच डबा उघडला, स्विच पाडला, टॅग टांगला.

"कावून बंद केलं?" बाईंनी विचारलं.

"काय?"

"थे. कम्प्युटरचं."

"मशीनवर मानूस नाई ना. तू तं इकडे हायेस."

"रोज करता?"

"रोज," भाऊ म्हणाले. "ड्यूटीवरून आलो का पयले थेच. एक दिवस बी चुकलो नाई." त्यांना वाटलं, बायको आता शाबासकी देते.

बाईंच्या हातातले कपडे खाली पडले. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मैनाबाईंचं मत. पण त्या ओरडल्या नाहीत.

"महिना झाला मी थ्या मशीनपुढे बसून रडून राहिली. प्रशांत येऊन येऊन थकला. तुमी समोर बसून जेवत होते. एका शब्दानं सांगतलं नाई."

"मले कोनी इचारलं का?"

"आन् तुमी मले इचारलं का, बंद करू का म्हनून?"

भाऊंनी टांगलेला टॅग उगाच सरळ केला. मग म्हणाले, "गावच्या राइसमिलमंदी दादाचा हात गेला पट्ट्यात. मशीन चालू सोडून मालक चहा प्याले गेल्ता. तवापासून एकटं चालतं मशीन माह्याच्यानं पाह्यवत नाई. तू घरी एकटी राह्यतेस."

"माहीत हाये मले," बाई म्हणाल्या. "वाईट मनानं नाई करत तुमी, थे बी माहीत हाये. पन माहं कॉलेज बी तुमी असंच बंद केलं. क्वार्टर भेटला, तिकीट काढलं, मले घेऊन आले. परीक्षेचा फॉर्म भरायचा होता माहा. तुमी एकदा बी इचारलं नाई, नलू, चालू ठेवतेस का म्हनून. तवा तं मशीनवर मानूस होता ना. मी होती."

मैनाबाई सांगतात, यानंतर भाऊ तिथेच उभे राहिले, एका हातानं डब्याचं झाकण धरून. क्रेनवर उभं आयुष्य काढलेला माणूस, पण चेहरा असा की कोणी खालून शिडी काढून घेतली. मग त्यांनी टॅग काढला, स्विच वर केला, आतून प्लास्टिकची खुर्ची आणली आणि डब्याला पाठ लावून बसले. जेवायला या, असं बाईही म्हणाल्या नाहीत, आणि त्यांनीही मागितलं नाही.

बाई आत आल्या, मला उठवलं. आधी मी मोडलेलं काम मागे घेतलं, मग बाईंनी अपडेट पुन्हा लावलं. या वेळी त्यांनी पोपट काढून खुर्चीखाली टाकले आणि माझ्यासमोर हात बांधून बसल्या. पडद्यावर आकडा आला, आकड्याखाली ती ओळ आली. ती त्यांनी पहिल्यांदाच वाचली.

"कम्प्युटर बंद करू नका," त्या मोठ्यानं म्हणाल्या. आणि मग स्वतःलाच, "आग मायवं. हा सांगून राहिला होता, आन् मी याचं तोंड झाकत होती."

मी चाललो. नव्वदच्या पुढे मी जरा रेंगाळतो, तो माझा नव्हे, बनवणाऱ्यांचा स्वभाव आहे. बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"झालं का?" बाहेरून आवाज आला.

"नाई."

थोड्या वेळानं पुन्हा, "झालं का?"

"इचारू नका ना सारखं."

शेवटी झालं. मी उठलो, नवी रीतभात अंगावर घालून. परीक्षेच्या प्रोग्रामनं मला तपासलं आणि हिरवी खूण दिली. बाहेर उजेड कमी होत आला होता. "झालं," बाई म्हणाल्या. भाऊ म्हणाले, "बरं. मी बसतो अजून." आणि बसले.

बातमी पसरताच श्रेयाची वाटणी झाली. मोहित म्हणाला, रीस्टार्टनं झालं. प्रशांत म्हणाला, रॅम घासली होती म्हणून झालं. मैनाबाईंनी नवी लिंबू-मिरची आणून बांधली, म्हणाल्या, आता सुटली नजर. बाईंनी कोणालाच खोटं पाडलं नाही.

सोमवारी भाऊंनी सुट्टी टाकली आणि व्हरांड्यात पहारा लावला. भाजीवाला परत पाठवला, मैनाबाईंना परत पाठवलं, आणि एका कुत्र्यालाही हटकल्याचं मी ऐकलं. आत बाई माझ्या कॅमेऱ्यासमोर ताठ बसल्या. नियम असे की बोलायचं नाही, उठायचं नाही, खोलीत दुसरं कोणी दिसता कामा नये. फोन आतल्या खोलीत ठेवला होता. पेपर सुरू झाला. बाईंचं ते एक बोट चालू लागलं.

पेपर अर्धा झाला असेल, आणि मला वरून हुकूम आला. अपडेटचं शेपूट राहिलं होतं. मला पडद्याच्या मधोमध पाटी लावावी लागली: अपडेट पूर्ण करण्यासाठी कम्प्युटर पुन्हा सुरू होत आहे. खाली सेकंद उलटे मोजायला लागले. मी बंद झालो असतो तर पेपर तिथेच संपला असता. मी हे करायला नको होतं, पण माझं कोण ऐकतं? मलाही न विचारताच चालवतात.

बाईंचा हात हवेत थांबला. नजर आतल्या खोलीच्या दाराकडे गेली, तिकडे फोन होता. कशाला हात नको लावू, तुला नाही कळणार, आधी मला फोन कर. हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकलं होतं की मला वाटलं, आता उठतात. उठल्या असत्या तर सगळं गेलं असतं. सेकंद पळत होते.

बाई उठल्या नाहीत. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी ती पाटी वाचायला घेतली. पहिल्या शब्दापासून. या घरात माझी एखादी सूचना कोणी शेवटपर्यंत वाचल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. वाचता वाचता त्यांना कोपऱ्यातलं बारीक बटन दिसलं, 'नंतर'. त्यांनी त्यावर बाण नेला आणि दाबलं. पाटी गेली. बाईंनी एक मोठा श्वास घेतला आणि पुढचा प्रश्न सोडवायला लागल्या. मी त्या वेळी इतका गरम झालो होतो की माझा पंखा जोरानं वाजायला लागला.

बाई पास झाल्या. सेकंड क्लास. महिला मंडळात सांगितलं, पेढे वाटले, आणि मोहितला फोनवर सांगितलं की त्याचे सिनेमे उडवून टाकले आहेत, आठवणी पुण्यात कर.

माझं म्हणाल, तर मला बक्षीस मिळालं. इतकं करून ज्या रीतभातीसाठी मी महिनाभर छळ सोसला, तिनं आल्याबरोबर सांगितलं की यापुढची रीतभात या मशीनवर बसणार नाही, नवं मशीन घ्या. मोहित तर म्हणाला, "तो डब्बा कबाड में दे, मी लॅपटॉप पाठवतो." बाई म्हणाल्या, "पाठव. पन येईपर्यंत हाच चालते." त्यांनी आता एम.ए.ला नाव घातलं आहे. मी दमलो आहे, उठायला वेळ लागतो, पण लिहायला अजून पुरतो.

परवा दुपारची गोष्ट. बाई माझ्यावर काहीतरी लिहिता लिहिता स्वयंपाकघरात गेल्या. पडदा उघडा, लिखाण अर्धं, खुर्ची रिकामी. बाहेर स्कूटर वाजली. बूट वाजले. डब्याचं झाकण करकरलं, आणि मी अंधाराची वाट बघू लागलो. अंधार आला नाही. व्हरांड्यातून आवाज आला.

"नलू, बंद करू का?"

"थांबा. माहं काम चालू हाये त्याच्यावर."

झाकण बंद झालं. भाऊ आत आले, माझ्याकडे बघितलं, रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. चालतं मशीन, आणि त्यावर माणूस नाही. त्यांना दादाचा हात आठवलाच असणार. मग ते पुढे आले आणि स्वतःच त्या खुर्चीवर बसले. कशालाही हात लावला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, प्लांटच्या कपड्यांतच, उपाशी, नलूबाई येईपर्यंत माझ्यासमोर बसून राहिले.

मलाही एक दिवस तुम्ही कायमचं बंद करणार, ते मला माहीत आहे. करा. माझं एवढंच मागणं आहे, स्विचला हात घालण्याआधी आतल्या खोलीत एक हाक मारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.